शेजारच्या सीटचा ब्रेक

मोशी,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

ती. सौ. सुमनताईस,
धाकट्या ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इथला पोस्टमन आता मला नावाने ओळखायला लागलाय, कारण आमच्या अख्ख्या इमारतीत हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट फक्त आपल्याच घरी येतं. तुझं कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते लवंगांच्या डब्यात ठेवून दिलंस, हे वाचून विजयश्री पोट धरून हसली. मीही हसलो. पण खरं सांगू, तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या मजल्याला घरच्या गोष्टी ओरडून सांगायच्या. त्यापेक्षा हे लिहिणं बरं. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून निवांत बसलोय.

निवांत म्हणायचं आपलं. गेल्या आठवड्यात करिष्मा पहिल्या पाळीला चाकणला निघाली होती. धुकं होतं. कुरुळीच्या अलीकडे एक कंटेनर तिच्या स्कूटीला घासून पुढे गेला. पोरगी रस्त्याच्या कडेच्या मातीत पडली, ढोपर फुटलं, बाकी देवाची कृपा. कंटेनरवाल्याला कळलंसुद्धा नसेल. त्या दिवसापासून स्कूटी बंद. ती कर्ज काढून छोटी चारचाकी घेते म्हणतेय आणि मी हो म्हणालो. तिची कमाई आहे, चोविशी उलटली, कंपनीत माल तपासायचं जबाबदारीचं काम करते. आपण कोण नाही म्हणणार?

घोडं अडलंय ते निराळ्याच ठिकाणी. तिला ऑटोमॅटिक हवी आहे. गिअर नाही, क्लच नाही, पायाखाली दोनच पेडल. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय मोडतो, तिच्या सगळ्या मैत्रिणींनी तसलीच घेतलीय, असं तिचं म्हणणं. आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. विकणाऱ्या पोराने आम्हाला बसवून एक चक्कर मारली. गाडी थांबवली आणि मला मौज दाखवावी म्हणून त्याने ब्रेकवरचा पाय उचलला. ताई, कुणी काही दाबलं नाही, आणि गाडी आपली आपण पुढे सरकायला लागली. समोर एक बाई उभी होती. पोराने लगेच थांबवली म्हणा. पण माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. तहान लागली असं सांगून मी खाली उतरलो आणि परत बसलो नाही. करिष्मा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ज्या यंत्राला माणसाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय लागतात तेच यंत्र बरं, असं माझं मत आहे. एक हात मोकळा राहिला की तो नको तिथे जातो. हे मी तिला नीट समजावू शकत नाही. बोलायला लागलो की आवाज चढतो. तू तिला लिही. माझं नाव न घेता लिही. लहानपणी चार वर्षं तुझ्याकडे वाढलीय, तुझा शब्द ती खाली पडू देत नाही.

दाजींना नमस्कार. विजयश्रीने त्यांच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलंय, रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून घ्यावं. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ज्योतीराम


औसा,
२५ जानेवारी २०२५

चि. ज्योतीराम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तेल पोचलं. दाजींनी पहिल्याच दिवशी अर्धी बाटली संपवली आणि आता सगळं घर कापराच्या वासाने भरलंय. बरं वाटतं म्हणतात. न म्हणून करतील काय, मालिश मी करते.

करिष्माला लिहिलं. तुझं नाव घेतलं नाही, पण ती काही दूधखुळी नाही. मी लिहिलं की बाई, आधी गिअरची गाडी शिकून घे, मग दोन्ही येतील, आणि आवडेल ती घे. शिकायला काय हरकत आहे? एवढं ती ऐकेल.

आता तुझ्याकडे वळते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. अरे, तू पंधराव्या वर्षी चिमाजीकाकांचा ट्रॅक्टर उभ्याने चालवायचास आणि मी बांधावरून शिव्या घालायची. पुढे तीस वर्षं भोसरीत लोखंड कापणाऱ्या मशीनवर काढलीस. असला माणूस, गाडी हातभर पुढे सरकली म्हणून घामाघूम होतो?

मला एक जुनी गोष्ट आठवली. दोन हजार आठची दिवाळी. तू इथे आला होतास. गड्याने कडबा कापायचं मशीन सुरू केलं आणि तू धावत जाऊन त्याचा पट्टा उतरवलास. मग त्या गड्याला खाली बसवून त्याचे दोन्ही हात हातात धरून बसलास. सगळे हसले. मी हसले नव्हते. त्या साली तुझी बारा-तेरा वर्षांची जुनी नोकरी का सुटली, तेही तू कधी नीट सांगितलं नाहीस. मालकाशी पटलं नाही एवढंच म्हणालास. तुझं तर सगळ्यांशी पटतं.

मी म्हातारी होत चाललेय, ऐकू येत नाही, म्हणून दिसतं जास्त. काही असेल तर लिही. नसेल तर बहिणीने उगाच काळजी केली असं समज आणि हस.

विजयश्रीला आणि पोरीला आशीर्वाद. तुमच्यावर जीव आहे हे सांगायला नको, तरी सांगते.

तुझी,
ताई


मोशी,
६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
करिष्माचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, तुझ्या पत्रात पप्पांचं नाव कुठेच नव्हतं आणि ओळीओळीत पप्पाच दिसत होते. पण तुझ्यासाठी मान्य. दहा दिवस झाले, मी गिअरची गाडी शिकतेय. पहिल्या दिवशी बारा वेळा बंद पाडली. भर चौकात बंद पडली आणि मागच्या पीएमपी बसच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी रडायच्या बेतात होते. तर सर शांतपणे म्हणाले, गिअरच्या गाडीचं हेच बरं असतं, चूक झाली की बंद पडते, सगळ्या गावाला कळतं, लपवता येत नाही.

सरांबद्दल सांगायचंच आहे. गणराज सर. इथलेच, चाकणजवळच्या गावचे. मोशीत त्यांच्या घराखालीच क्लास आहे, एकच गाडी, शिस्त कडक. त्यांच्या डाव्या हाताची मधली तिन्ही बोटं नाहीत. अंगठा आणि करंगळी तेवढी आहे. ते शेजारी बसतात, त्यामुळे गिअर आणि स्टेअरिंग दोन्ही त्यांच्या उजव्या हाताला येतात आणि त्यांना काहीच अडत नाही. एक खोड मात्र भारी आहे. त्यांच्या बाजूलाही एक क्लच आणि ब्रेक असतो ना, त्यावरचे पाय ते कधीच उचलत नाहीत. मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा दाबलेला असतो. सगळी मुलं वैतागतात, कारण गाडी आपण चालवतोय की सर, तेच कळत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की माझा माझ्यावर भरवसा न्हाई, म्हणून पाय तिथं असलेला बरा.

आणि आता ऐक. फॉर्मवर वडिलांचं नाव वाचून सर उभेच राहिले. विचारलं, भोसरीत लोखंड कापायच्या प्रेसवर होते तेच ज्योतीराम का? आत्या, माझ्या पहिलीच्या गॅदरिंगला पप्पा आले नव्हते, आठवतं? मी फुलपाखरू झाले होते आणि दारावर डोळे लावून नाचत होते. रात्री पप्पा आले ते रक्ताने भरलेल्या शर्टात. एका माणसाला दवाखान्यात नेऊन वाचवलं म्हणाले. मी ही गोष्ट शाळेत किती जणींना सांगितली असेल! तर तो माणूस म्हणजे हे सर. त्यांनी माझी फी परत केली. तुझ्या बापाने पंच्यात हात गुंडाळून मला दवाखान्यात नेलं, तुझ्याकडून पैसे घेतले तर मला जेवण गोड लागायचं न्हाई, म्हणाले. तेव्हापासून पप्पांना चहाला घेऊन ये असं रोज सांगतात.

त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या प्रेसला दोन बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचीच नाही, म्हणजे कुणाचा हात आत राहायलाच नको. सरांचा डावा हात आत होता, अडकलेला तुकडा काढत होते. उजवा हात टेकायला म्हणून उजव्या बटणावर पडला. आणि प्रेस आली. चौकशीत लिहिलं की कामगाराचा निष्काळजीपणा. सर म्हणतात, डावं बटण मी दाबलं तरी कसं? हात तर आत होता. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं की कोपर लागलं असेल, भान नसेल. त्यानंतर ते स्वतःच्या हाताला भितात, आत्या. एकट्याने गाडी चालवत नाहीत. त्यांची मुलगी तेजल बारा वर्षांची आहे. सरांच्या घरच्या काकू सांगत होत्या की ती लहान असताना सरांनी तिला एकदाही कडेवर घेतलं नाही. आपला हात आपल्या नकळत काय करेल याची खात्री नाही, म्हणून.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. मला वाटलं पप्पा खूश होतील. पप्पा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, क्लास बदल. का, ते सांगत नाहीत. हवी तर ऑटोमॅटिक घे, पण तो क्लास सोड, इथपर्यंत आले! रोज संध्याकाळी विचारतात, आज काय म्हणाला गणराज? आणि विचारताना माझ्याकडे बघत नाहीत. मला आता त्यांचीच भीती वाटायला लागलीय. ते रागावलेले नाहीत, ते घाबरलेत. तुला काही माहीत आहे का?

मामांना नमस्कार. तुझ्या हातच्या शेंगाचटणीसकट माझ्यावरचं प्रेम पाठवत राहा.

तुझीच,
करिष्मा


औसा,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योतीराम यास, आशीर्वाद.

करिष्माचं पत्र आलं. गणराजबद्दल आहे. ते डावं बटण कसं दाबलं गेलं, हे त्याला सतरा वर्षं कळलेलं नाही, असं तिने लिहिलंय.

तुला कळलेलं आहे का?

तू काही लिहिलंस तरी मी तुझी बहीणच राहणार आहे. पण लिही.

ताई


मोशी,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
ज्योतीरामचा नमस्कार.

विजयश्री देवळात गेलीय, करिष्मा ओव्हरटाइमला आहे. दार लावून लिहितोय. अक्षर लावून घे.

मला कळलेलं आहे. पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे.

त्या दिवशी करिष्माचं गॅदरिंग होतं. मला पाळी संपायच्या आत नगांचा आकडा पुरा करून निघायचं होतं. दोन्ही बटणं दाबायची म्हणजे प्रत्येक नगाला दोन्ही हात अडकतात, वेळ जातो. तेव्हा सगळेच एक करायचे. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण कायमचं दाबून बांधायचं. मग एका हाताने तुकडा सरकवायचा आणि दुसऱ्याने एकच बटण मारायचं. काम दुप्पट होतं. मीही डावं बटण बांधलं. आकडा पुरा झाला, घाईघाईत हातपाय धुवायला गेलो आणि पट्टी तशीच राहिली. पुढच्या पाळीला गणराज आला. बटण मशीनच्या बाजूला खाली होतं, तेलकट, काळं, त्यावर काळी पट्टी. त्याला दिसली नाही. दोन बटणांची प्रेस आहे म्हणून त्याने निर्धास्त हात आत घातला.

ओरडणं ऐकून सगळ्यांत आधी मी पोचलो. ताई, आता जे लिहितोय ते मी देवापुढेसुद्धा बोललो नाही. मी आधी गणराजला धरलं नाही. मी आधी पट्टी ओढून काढली आणि खिशात घातली. मग त्याला धरलं. तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल मी मशीन बंद करतोय.

मग पंचा गुंडाळला, दवाखान्यात नेलं, रात्रीपर्यंत बसलो. घरी आलो तर करिष्मा फुलपाखराचे पंख न काढता जागी राहिली होती. तिला काय सांगणार? एका माणसाला वाचवलं म्हणालो. चौकशीला साहेब आले तेव्हा मी म्हणालो की मला काही दिसलं नाही. दोन महिन्यांनी नोकरी सोडली, पत्ता बदलला. गणराजला परत कधी भेटलो नाही. पट्टी फेकता आली नाही. ती माझ्या अवजारांच्या पेटीत तळाशी आहे. फेकायला दोनदा इंद्रायणीच्या पुलावर गेलो आणि घेऊन परत आलो.

आता तू म्हणशील भिऊन काय होणार. पण भीती किती तऱ्हेची असते ते मला विचार. पोरगी रस्त्यावर निघाली की भीती. बंद पडायच्या ऐवजी आपोआप पुढे सरकणाऱ्या गाडीची भीती. गणराजला कळलं तर तो पोलिसात जाईल, माझी निवृत्ती सात वर्षांवर आहे, याची भीती. आणि सगळ्यांत मोठी ही की करिष्माला कळेल. ती गोष्ट तिने शाळेत सांगितलीय, ताई. तिचा बाप चांगला माणूस आहे असं समजून ती वाढलीय. गिअरची गाडी शीक म्हणून मीच हट्ट धरला आणि माझ्याच हट्टाने तिला त्याच्या दारात नेऊन बसवलं. तो तिची फी घेत नाही हे ऐकल्यापासून मला अन्न जात नाही.

मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन असं म्हणवत नाही, पण सांग.

तुझा अपराधी भाऊ,
ज्योतीराम


औसा,
२ मार्च २०२५

चि. ज्योतीराम यास,
आशीर्वाद. आज ते नेहमीपेक्षा जास्त देते, लागतील.

तुझं पत्र आलं आणि मी घराचं दार आतून लावून घेतलं, जसा काही पोस्टमन ते वाचून आलाय. दाजींना दाखवलं नाही. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण मीही भ्याले. मनात आलं, राहू दे, इतकी वर्षं झाली, पोरीचा क्लास संपेल, गाडी येईल, सगळं विसरून जाईल. तुला असं लिहायला मी कागद घेतलासुद्धा. मग करिष्माचं पत्र परत काढलं आणि त्या मुलीला कडेवर न घेण्याचं वाचलं.

ज्योती, पट्टी विसरलास, ती चूक झाली. तिच्यासाठी मी तुला दोष द्यायला धजणार नाही, तिथे सगळेच तसं करत होते. पण त्याची बोटं गेली त्या दिवशी गेली. त्याचा स्वतःवरचा भरवसा मात्र तू रोज काढून घेतोयस. आजही घेतलास. उद्या सकाळी उठून परत घेशील. त्याने लेकीला उचललं नाही, ते तुझ्या खिशातल्या पट्टीमुळे.

तू विचारलंस काय करू. जा आणि सांग. पट्टी घेऊन जा, नाहीतर ऐनवेळी गोड बोलून चहा पिऊन परत येशील, मी तुला ओळखते. पोलीस, नोकरी, जे व्हायचं ते होईल, आपण मिळून निस्तरू. मी भिऊ नकोस असं म्हणत नाही. भीत भीत जा, पण जा. आणि करिष्माची गाडी दारात यायच्या आधी जा.

करिष्माला मी काही लिहिणार नाही. ते तुझ्या तोंडून तिला कळायला हवं. ती रागावेल. तिचा राग सहन कर, समजावत बसू नकोस.

मी तुझ्यावर रागावलेय. तरी तुझीच आहे.

ताई


मोशी,
२१ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

काल गुरुवारी गेलो. आधीचे दोन गुरुवार गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो होतो, ते तुला कळवलं नव्हतं.

गणराजने मला लांबून ओळखलं. केस पांढरे झालेत त्याचे. धावत आला, मिठी मारली, बायकोला हाका मारल्या. ज्योतीरामभाऊ आले, पोहे टाका म्हणाला. मुलीला बोलावून सांगितलं की ज्यांनी मला उचलून नेलं ते हेच काका, पाया पड. ती वाकली तसा मी मागे सरकलो आणि खुर्चीवर आदळलो. त्यांना वाटलं मला चक्कर आली. पाणी दिलं, पोहे आले. तू म्हणालीस तेच खरं, मी चहा पिऊन परतलो असतो. हवापाण्याचं बोलणंसुद्धा सुरू झालं होतं. पण पट्टी खिशात होती. ती काढून मी टेबलावर ठेवली.

रबर आता वाळून कडक झालंय, त्याला बटणाचा गोल उमटलेला आहे. प्रेसवर काम केलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. गणराजने ती उचलून त्या गोलावरून अंगठा फिरवला. मग त्याने एकच विचारलं, कोणत्या बटणाला होती? मी म्हणालो, डाव्या. तो म्हणाला, म्हंजी मी दाबलं न्हाई. मी म्हणालो, नाही, तू दाबलं नव्हतंस. माझी पट्टी होती. तुला धरायच्या आधी मी ती काढली.

त्याने डावा हात टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला. मग उठून आत गेला. आतून त्याचा आवाज येत होता, बायकोला एकच वाक्य परत परत सांगत होता की मी दाबलं न्हाई, माझ्या हाताने काही केलं न्हाई. मला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याची बायको बाहेर आली, माझ्यापुढची पोह्यांची बशी उचलली आणि आत घेऊन गेली.

शेवटी तो बाहेर आला. डोळे लाल झाले होते. म्हणाला, सतरा वर्षं सणाला देवापुढे दिवा लावताना मी तुझं नाव घेतलं. मी म्हणालो की जिथे सांगशील तिथे लिहून देतो, सही करतो. तो म्हणाला, ते मी ठरवीन. आता जा, आणि उद्या पाच वाजता पोरगी क्लासला यायच्या आत तिला स्वतः सांग, माझ्याकडून कळता कामा नये. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. पट्टी त्याने ठेवून घेतली.

रात्री विजयश्री आणि करिष्मा दोघींना सांगितलं. विजयश्री रडली. करिष्माने फक्त एक विचारलं, मी नाचत होते तेव्हा तुम्ही ती खिशात घातली होती का? मी हो म्हणालो. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. आज सकाळी डबा न घेता कामाला गेली. तू म्हणालीस तसं समजावत नाही.

भीती गेली असं मला लिहायचं होतं. गेली नाही. दारावरची बेल वाजली की दचकतो. पण आज दोन घास जेवलो.

मला टाकू नकोस.

तुझा,
ज्योतीराम


मोशी,
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
करिष्माचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला गाडी आली. गिअरची घेतली. मम्मीने चाकांखाली लिंबं ठेवली आणि मी ती चिरडताना पहिल्याच दमात गाडी बंद पाडली. शोरूमवाले हसले. पप्पा गेटजवळ उभे होते, जवळ आले नाहीत. मी बोलावलं नाही म्हणून.

तुला सगळं माहीत होतं, आणि तू मला लिहिलं नाहीस. आधी तुझाही राग आला होता. आता नाही. पप्पांचा अजून आहे. दहा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. शाळेत सांगितलेली ती गोष्ट मला परत घेता येत नाही, आत्या, आणि ठेवताही येत नाही. पण एक गोष्ट खरी आहे, त्यांनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. सोमवारपासून मी त्यांना गाडीने भोसरीला सोडते आणि पुढे वळसा घालून चाकणला जाते. ते शेजारी बसतात आणि सारखा पाय जमिनीवर दाबतात, तिथे ब्रेक नसतानाही. आम्ही बोलत नाही. काल मी म्हणाले, पप्पा, पाय सैल सोडा. तेवढंच.

ऑटोमॅटिक का नाही घेतली, तर ती वाईट म्हणून नव्हे. सरांनीच सांगितलं की त्या गाडीत काही खोट न्हाई, तुझा बाप दुसऱ्याच मशीनला भितो. मी ही घेतली, कारण मला आता ही चालवता येते.

ते कसं जमलं ते सांगायलाच हे पत्र. एकवीस तारखेला मी क्लासला जाणारच नव्हते. सरांना तोंड कसं दाखवू? पाचपर्यंत घरीच घड्याळ बघत बसले. पाच वाजून दहा मिनिटांनी सरांचा फोन. एवढंच म्हणाले, उशीर झालाय, गाडी वाट बघते. मी गेले. त्यांनी पप्पांचा विषय काढला नाही, मीही नाही. मी फी घ्या म्हणाले, तर सर म्हणाले की यापुढची घेईन, आधीची झाली ती झाली. मी चालवायला बसले, ते शेजारी. तेजल मागे बसली होती, तीही पहिल्यांदाच. सरांनी हायवेच्या पुलावर घ्यायला सांगितलं, जिथे नेहमी चढावर गाड्या तुंबतात. तिथे त्यांनी मला कधीच नेलं नव्हतं.

चढाच्या मध्यावर ट्रॅफिक थांबलं. मागे ट्रक अगदी लागून. पुढची गाडी सुटली, मी क्लच घाईने सोडला आणि गाडी बंद. ती मागे घरंगळायला लागली. ट्रकने हॉर्न लावला. मी सरांच्या ब्रेकची वाट बघितली, तो नेहमी माझ्या आधी दाबलेला असतो ना. तो आला नाही. मी ओरडून बाजूला पाहिलं, तर सरांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि जेवायला बसावं तसे सीटवर मांडी घालून बसले होते. डावा हात मागे तेजलच्या गुडघ्यावर होता. घामाने त्यांचा शर्ट भिजला होता, तेही भ्यालेले होते, आत्या, मला दिसत होतं. पण पाय त्यांनी खाली घेतले नाहीत.

मग ब्रेक मी दाबला. गाडी थांबली. चावी फिरवली, हळूहळू क्लच सोडला, आणि पूल चढून वर आले.

मामांना नमस्कार. उन्हाळ्यात सुट्टी काढून तुला आणायला येते, गाडीनेच. तोवर जीव लावलायस तसाच लावून ठेव. पप्पांवरही.

तुझीच,
करिष्मा